पाठलाग त्याचा, शाळा तिची का सुटावी?

दिवाळीची सुट्टी संपते, दहावीचा वर्ग पुन्हा भरतो आणि एखादी मुलगी येत नाही. चार दिवस वाट पाहून आम्ही तिच्या मैत्रिणींना विचारतो. त्या एकमेकींकडे बघतात आणि वहीत तोंड घालतात. घरी फोन केला तर अम्मी म्हणतात, "मॅडम, तब्येत बरी नाही तिची." महिन्याभराने कळते की तिचे ठरले. मुलगी अभ्यासात मागे नव्हती, घरची स्थितीही अगदी बेताची नव्हती. मग असे काय घडले? खोदून विचारले की पुष्कळदा एकच उत्तर निघते. येता-जाता कोणीतरी मागे लागला होता, घरात कळले आणि घराने हाताशी असलेला सर्वात सोपा उपाय केला. मुलीला घरी बसवले.

धाराशिव जिल्ह्यात नोकरी करताना आम्ही हे इतक्यांदा पाहिले आहे की आता नवल वाटत नाही, आणि नवल वाटत नाही याचेच वाईट वाटते. आपल्याकडे खेड्यातली शाळा सातवी-आठवीपर्यंत असते. पुढे शिकायचे तर एसटीने तालुक्याला यावे लागते. उमरगा असो, कळंब असो, परंडा असो, सकाळच्या गाडीने येणाऱ्या आणि संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या मुलींची वेळ ठरलेली, थांबा ठरलेला, स्टँडपासून शाळेपर्यंतची वाटही ठरलेली. ज्याला मागे लागायचे आहे त्याला काही शोधावे लागत नाही.

या प्रकाराला आपण आजवर फार हलकी नावे दिली. मागे लागणे, लाइन मारणे, फार तर छेडछाड. शब्द हलका असला की गोष्टही हलकी वाटते. "पोरं असतात तशी, तू लक्ष देऊ नकोस," असे आपली खालाही म्हणते आणि शेजारीणही. पण मुलीने नाही म्हटल्यावरही रोज स्टँडवर उभे राहणे, गाडीत मागच्या सीटवर येऊन बसणे, घराच्या गल्लीतून दिवसातून सहा वेळा मोटारसायकल फिरवणे, नवनवीन नंबरांवरून फोन करणे, मैत्रिणींकडून निरोप पाठवणे, तिने कोणता फोटो टाकला आणि ती रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाइन होती याचा हिशेब ठेवणे, या सगळ्याला मिळून कायद्यात एक नाव आहे आणि त्याला शिक्षा आहे. त्यातली एकेक गोष्ट सुटी करून पाहिली तर किरकोळ वाटते. रस्ता काय त्याच्या बापाचा नाही, तसा तिच्याही बापाचा नाही, असे कोणीही म्हणेल. त्रास असतो तो ती पुन्हा पुन्हा होण्यात. उद्याही तो तिथे असेल, ही खात्री मुलीला आतून खाऊ लागते. ती जेवत नाही, वर्गात खिडकीबाहेर बघत राहते, चाचणीत मार्क पडत नाहीत. आणि आपण तिला विचारतो, "मोबाइलचा नाद लागला का?"

आमच्याकडे आलेल्या एका मुलीने पहिलेच वाक्य असे उच्चारले होते, "मॅडम, घरी सांगू नका. अब्बू शाळा बंद करतील." तो काय करील, याच्या आधी घर काय करील याची तिला धास्ती होती. आणि हे मागे लागणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. त्याच्या हातातली सर्वात मोठी धमकी चाकूची किंवा ॲसिडची नसते. "तुझ्या घरी सांगू का?" एवढे तो म्हणतो आणि मुलगी गप्प होते. वास्तविक गुन्हा त्याचा आहे, घाबरायला त्याने हवे. पण आपल्या घरांची रीत अशी की तोच तिला तिच्या घराची भीती घालू शकतो. हे हत्यार त्याला आपण दिले आहे, तेव्हा ते काढूनही आपणच घेऊ शकतो.

गप्प राहण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे आपल्या राज्याने हिंगणघाटला पाहिले. वर्धा जिल्ह्यातले हे गाव. ३ फेब्रुवारी २०२०, सोमवारची सकाळ. एका महाविद्यालयात शिकवणारी तरुण प्राध्यापिका आपल्या खेड्याहून बसने आली, उतरली आणि कॉलेजकडे पायी निघाली. नंदोरी चौकात तिच्याच गावच्या एका तरुणाने तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवले. तो आधीपासून तिच्या मागे होता. आठवडाभर तिने नागपूरच्या रुग्णालयात मृत्यूशी झुंज दिली आणि १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयाने त्या तरुणाला जन्मठेप सुनावली. या प्रकरणातली एक गोष्ट आम्ही पालकसभेत आवर्जून सांगतो. तो तरुण विवाहित होता, एका लहान मुलीचा बाप होता. "त्याचे लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल," हा जो आपल्या मोहल्ल्यातला रामबाण उपाय आहे, तो तिथे आधीच होऊन गेलेला होता.

त्याच्याही तीस वर्षे मागे जा. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा देत असलेल्या एका मुलीला परीक्षा केंद्रात घुसून जाळण्यात आले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ वाचकांना ती बातमी आठवत असेल, कारण त्या वर्षी कितीतरी घरांनी मुलींना परीक्षेला एकटे सोडले नाही. काहींनी तर मुळीच सोडले नाही. त्याच १९९० साली, जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने पाठलाग हाच स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा केला. तिथेही एका तरुण अभिनेत्रीचा तिच्या मागे लागलेल्या माणसाने खून केला होता, त्यानंतर हे झाले. आपल्याला अशा कायद्यासाठी २०१३ उजाडावे लागले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, तिने महिन्याभरात अहवाल दिला आणि भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यात हाच गुन्हा कलम ७८ मध्ये आहे. हा आकडा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

हे कलम काय म्हणते ते साध्या भाषेत असे. स्त्रीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवले असतानाही एखादा पुरुष वारंवार तिचा पाठलाग करतो, तिच्याशी संपर्क साधतो किंवा साधण्याचा प्रयत्न करतो, तर तो गुन्हा. ती इंटरनेट, ईमेल, फोनवरचे मेसेज कसे वापरते यावर पाळत ठेवतो, तर तोही गुन्हा. अंगाला हात लावलाच पाहिजे, अश्लील बोललेच पाहिजे, अशी अट नाही. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केले तर पाच वर्षांपर्यंत. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सो कायदाही लागतो. त्यात मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग करणे, त्यांच्यावर नजर ठेवणे, फोनवरून सतत संपर्क करणे हा लैंगिक छळ मानला आहे. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली या कायद्याखाली येतात.

आता या कलमातली एक अडचण वाचकांपासून लपवणार नाही. पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे सकाळी तक्रार दिली, दुपारी त्याला आणले, की संध्याकाळी तो जामिनावर पुन्हा गल्लीत दिसू शकतो. पुष्कळ घरे इथेच खचतात. "काय उपयोग झाला? उलट चिडला तो." आमचे म्हणणे असे की तक्रार जरूर करावी, पण तक्रारीनंतरच्या पंधरा दिवसांची तयारी आधी करून मग ठाण्यात जावे. मुलीबरोबर कोण जाणार, कोण आणणार, दुपारी ती घरात एकटी तर नसते ना, शाळेत कोणाला सांगितले आहे, स्टँडवर ओळखीचे दुकान कोणते, हे सारे ठरलेले असावे. हा काळ जपण्याचा असतो.

दुसरी गोष्ट तक्रार लिहिण्याची. लाजेपोटी आपण अर्धेच सांगतो. त्याने हात धरला होता, ओढणी ओढली होती, ॲसिड टाकीन म्हणाला होता, हे "कशाला लिहायचे, मुलीचीच बदनामी" म्हणून गाळतो. मग पोलिसांपुढे फक्त पाठलाग उरतो आणि तो जामीनपात्र. विनयभंगाच्या हेतूने अंगाला हात घातला तर कलम ७४ लागते, ते अजामीनपात्र आहे. जिवे मारण्याच्या धमकीचे कलम वेगळे आहे. जे घडले ते सगळे, त्याच शब्दांत, तारीखवार लिहावे. वाढवून काही लिहू नये. खोटे एक वाक्य घातले तर खरी दहा वाक्ये पडतात.

ठाण्यात ठाणे अंमलदार कधी कधी म्हणतात, "एनसी करून घेतो, समज देतो त्याला." नम्रपणे सांगावे की कलम ७८ दखलपात्र आहे, एफआयआर नोंदवा. अशा गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला पोलिसांनी नोंदवायची असते, हा तिचा हक्क आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी जवळच्या ठाण्याला फिर्याद घ्यावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. घेतलीच नाही फिर्याद, तर तीच लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला ठाण्यात नेण्याचीही गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो आणि पोलीस गणवेशात नसावेत असे पॉक्सोत लिहिले आहे. तिचे नाव छापता येत नाही. हे कळल्यावर कितीतरी वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला आहे. "मुलीला कचेरीची पायरी चढायला लावायची नाही," एवढेच त्यांचे म्हणणे असते.

एफआयआरपर्यंत जायचे नसेल, प्रकरण नुकतेच सुरू झाले असेल, तर मधल्या वाटाही आहेत. पोलिसांची दामिनी पथके शाळा-कॉलेज आणि बसस्थानकांभोवती फिरतात. त्यांना नुसती जागा आणि वेळ कळवली तरी ती तिथे येऊन उभी राहतात. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची कारवाई, ज्याला आपल्याकडे चॅप्टर केस म्हणतात, तीही करता येते. शाळांमध्ये सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटी असते. पेटीला कुलूप आहे का आणि ती शेवटची कधी उघडली, हे पालकांनी विचारावे. आम्हा शिक्षकांना असे विचारलेले फारसे आवडत नाही, पण विचारावे.

आता घरगुती उपायांकडे येऊ. पहिला उपाय, भावांनी जाऊन बडवून काढणे. रक्त तापते, हे खरे. पण त्याचा शेवट कसा होतो? त्याच्या डोक्याला चार टाके पडतात, तो सरकारी दवाखान्यातून कागद आणतो आणि आपल्याच मुलावर गुन्हा नोंदवला जातो. मग तडजोड होते: तुम्ही तुमची केस मागे घ्या, आम्ही आमची घेतो. मुलीचा प्रश्न त्या सौद्यात विकला गेला. आणि मुलगा दुसऱ्या समाजाचा असेल तर विचारूच नका. दोन तासांत चौकात दोन्हीकडची माणसे जमतात, ज्यांनी मुलीला कधी पाहिलेही नाही असे पुढारी तिच्या नावाने भाषण करतात आणि मोबाइलवर तिचा फोटो फिरू लागतो. तो आपल्यातला आहे की परका, हा प्रश्न घरात पहिला विचारला जातो. तो विचारूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्यातला असला की "घरातली गोष्ट घरात मिटवू" आणि परका असला की "समाजाची इज्जत", दोन्हीकडे मुलगी बाजूलाच राहते.

दुसरा उपाय मोबाइल काढून घेणे. त्याने पुरावा जातो, मदत मागायचे साधन जाते आणि तो मात्र तिथेच उभा असतो. तिसरा उपाय निकाह. अठराच्या आत लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर आहेच. पण त्यापलीकडेही बघा. घाईत, चौकशी न करता, "मुलगी लवकर सुखरूप घरी पडू दे" म्हणून दिलेल्या मुली पुढे कोणत्या घरात पडतात, हे या पानावर पत्रे लिहिणाऱ्या आयांना आम्ही काय सांगावे? दहावीच्या उंबरठ्यावर परत पाठवलेल्या मुलीला दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा झालेली असते आणि हे तिला पुरते कळते.

इथे मदिन्यातली एक गोष्ट सांगाविशी वाटते, बुखारी शरीफमध्ये आलेली. हजरत बरीरा (रजि.) या गुलामीतून मुक्त झाल्या. त्यांचे पती हजरत मुगीस (रजि.) अजून गुलाम होते. मुक्त झालेल्या स्त्रीला असे लग्न ठेवण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार होता. बरीरांनी ते सोडले. मुगीस मदिन्याच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरायचे, अश्रूंनी त्यांची दाढी भिजायची. अल्लाहच्या प्रेषितांना (स.) त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरांना परत जाण्याबद्दल सुचवले. बरीरांनी विचारले की हा आपला हुकूम आहे का? प्रेषित (स.) म्हणाले की नाही, ही केवळ शिफारस आहे. त्यावर बरीरांनी सांगितले की मग मला त्यांची गरज नाही. विषय तिथेच संपला. एक नुकतीच मुक्त झालेली स्त्री प्रेषितांच्या शिफारशीलाही नकार देऊ शकली आणि कोणी तिला दोष दिला नाही. मुगीस यांचे दुःख खोटे नव्हते. ते पतीही होते. तरीही त्यांच्या अश्रूंमुळे बरीरांवर कसला हक्क निर्माण झाला नाही. आणि आपल्या गल्लीतला एखादा "मी तिच्यासाठी जीव देईन" म्हणाला की आपण पाघळतो, मुलीलाच म्हणतो, "एकदा नीट बोलून बघ त्याच्याशी."

नीट बोलून बघायचे नसते. शेवटचे भेट, फोटो परत देतो, माफी मागायची आहे, अशा बोलावण्यांना कधीही जाऊ नये, मैत्रिणीला घेऊनसुद्धा नाही. नकार एकदाच, थोडक्या आणि स्वच्छ शब्दांत द्यावा: मला तुझ्याशी संबंध ठेवायचा नाही, मला फोन करू नकोस. "घरचे रागावतील", "सध्या परीक्षा आहे" अशी कारणे देऊ नयेत, कारण कारण दिले की तो परीक्षा संपायची वाट बघतो. शक्य तर मेसेजवर द्यावा, म्हणजे कायद्याला हवा असलेला स्पष्ट नकार लेखी राहतो. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही, शिवीसुद्धा नाही. वीस फोन न उचलता एकविसावा उचलला तर तो एवढेच शिकतो की वीस वेळा करावे लागतात.

मेसेज पुसून टाकण्याचा मोह होतो. घरी कोणी बघेल म्हणून मुली आधी तेच करतात. पुसू नयेत. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून विश्वासातल्या मोठ्या माणसाकडे पाठवावेत, आणि मूळ फोनवरचे मेसेजही तसेच ठेवावेत. एक वही करावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, काय केले, कोण सोबत होते. दोन ओळी पुरतात. महिन्याभरात ती वही ठाणे अंमलदारापुढे ठेवली की "पोरं असतात तशी" असे म्हणायची सोय राहत नाही.

रस्त्यात कोणी मागे येत आहे असे वाटले तर तडक घरी जाऊ नये, विशेषतः घर रिकामे असेल तेव्हा. गजबजलेल्या दुकानात शिरावे, मेडिकलमध्ये जावे. बसस्थानकात असाल तर वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत, गाडीत असाल तर कंडक्टरजवळ जाऊन मोठ्या आवाजात सांगावे. आवाज वर गेला की लोक वळून बघतात. पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ रोजी सकाळी एका विद्यार्थिनीवर कोयता घेऊन धावलेल्या तरुणाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी अडवले. लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील ही त्यांतली नावे राज्याला माहीत झाली. ती मुलगी वाचली, कारण बघे उभे असलेल्या रस्त्यावर दोन-तीन जण बघे राहिले नाहीत. तातडीला ११२ हा नंबर आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोबाइलवरून छळ किंवा फोटोची धमकी असेल तर सायबरचा १९३०. पहिला नंबर तर फोनमध्ये नाव घालून ठेवावा, घाबरल्यावर आकडे आठवत नाहीत.

फोनची तपासणीही घरातल्या कोणी जाणत्याने मुलीसोबत बसून करावी, तिच्याकडून हिसकावून नव्हे. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघावे. तिथे अनोळखी फोन किंवा संगणक दिसला तर आपले सारे मेसेज दुसरीकडे वाचले जात आहेत. गूगलचे खाते कोणाच्या फोनवर उघडे राहिले आहे का, लोकेशन कोणाला दिसते, हे तपासावे. पुष्कळ मुलींचे खाते मोबाइलच्या दुकानदाराने किंवा चुलत भावाने काढून दिलेले असते आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो. रिचार्जसाठी दिलेला नंबर, झेरॉक्सच्या दुकानात विसरलेला परीक्षेचा फॉर्म, क्लासचा दोनशे जणांचा ग्रुप, नंबर बाहेर जायला एवढे पुरते. लातूरला किंवा पुण्याला क्लासला गेलेल्या मुलींनी स्टेटसवर आत्ता कुठे आहोत हे टाकू नये, परत आल्यावर टाकावे.

फक्त शाळकरी मुलींचा हा प्रश्न आहे असे समजू नये. मंगनी मोडल्यावर, खुला घेतल्यावर, तलाक झाल्यावरही मागे लागणारे असतात. नोकरीच्या ठिकाणी येऊन उभे राहायचे, मुलांच्या शाळेबाहेर थांबायचे, सासरच्या ओळखीतून नवा पत्ता काढायचा. "शेवटी नवराच होता" असे म्हणून लोक गप्प बसतात. कलम ७८ त्यालाही लागते. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी त्याला संपर्क करण्यास, तिच्या कामाच्या जागी येण्यास मनाई करू शकतात.

आणि मुलांच्या आयांनो, थोडे तुमच्याशी. मागे लागणारा आकाशातून पडत नाही, कोणाच्या तरी दस्तरखानावर तोही जेवतो. १९९३ साली "डर" आला तेव्हा नायकापेक्षा पाठलाग करणाराच लोकांना आवडून गेला आणि पुढची तीस वर्षे आपल्या पोरांनी तेच प्रेम म्हणून पाहिले. कुरआनच्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपण घरात ती फक्त मुलींना शिकवतो. मुलगा रोज एकाच वेळी स्टँडकडे का जातो, त्याच्याकडे दोन सिमकार्ड कशाला, मुलीने नाही म्हटल्यावर तो कसा वागतो, हे विचारायला अब्बांना वेळ नसेल तर अम्मींनी विचारावे. आणि दुसऱ्याची अम्मी दारात तक्रार घेऊन आली तर "तुमचीच मुलगी तशी असेल" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये. त्या बाईने तिथवर यायला किती रात्री काढल्या असतील.

मुलीने पहिल्यांदा सांगितले त्या रात्री घरात काय बोलावे, असे एका वडिलांनी आम्हाला विचारले होते. आम्ही सांगितले, आधी एवढेच म्हणा की बेटा, शाळा बंद होणार नाही. बाकी सगळे उद्या. ते ऐकल्यावर मुलगी उरलेले अर्धे सांगते, जे तिने राखून ठेवलेले असते आणि जे खरे महत्त्वाचे असते. त्या वडिलांनी पुढचे दोन महिने आपले फळांचे दुकान सकाळी तासभर उशिरा उघडले आणि मुलीला स्वतः सोडले. गिऱ्हाईक तुटले थोडे. दरम्यान लेखी तक्रार झाली, त्या तरुणाला बोलावून बंधपत्र घेतले गेले. मुलगी बारावीत आहे.

वकिलाची फी हा पुष्कळांचा प्रश्न असतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. धाराशिवला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि तालुक्याच्या न्यायालयांत त्यांच्या समित्या आहेत. १५१०० या नंबरवर फोन करूनही चौकशी करता येते. जाताना तक्रारीची प्रत, एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत, आधार कार्ड आणि ती वही सोबत न्यावी.